बाबांचा डावा डोळा

माझे बाबा छिन्न्यांना पाणी द्यायचे. असं सांगितलं की ऐकणारा समजल्यासारखी मान हलवतो, पण त्याला काही कळलेलं नसतं. कारखान्यात त्यांचं नावच 'पाणीवाले' पडलं होतं. नवीन आलेला कामगार पहिल्या दिवशी हमखास रिकामी बाटली घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा आणि बाबा काही न बोलता ती भरून द्यायचे. चूक सुधारायची जबाबदारी आपली आहे असं त्यांना तेव्हा वाटत नसे.

पोलादाला पाणी देणं म्हणजे ते किती कडक व्हावं आणि किती चिवट राहावं, हे ठरवणं. बाबांचा कोपरा कारखान्याच्या मागच्या अंगाला होता. तिथल्या खिडकीवर गोणपाट टांगलेलं असे आणि दिवा मुद्दाम लावलेला नसे. भर उजेडात रंग कळत नाही, असं ते म्हणायचे. छिन्नीचं टोक भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचं, चिमट्यानं धरून तेवढंच टोक पाण्यात बुडवायचं आणि लगेच बाहेर काढून दगडानं घासून लख्ख करायचं. दांडा अजून गरमच असतो. त्याची ऊब मागून टोकाकडे यायला लागते आणि लख्ख झालेल्या पोलादावर रंग सरकत येतात. आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. दगड फोडायच्या छिन्नीला गडद पिवळा धारेशी पोचला रे पोचला की अख्खी छिन्नी पाण्यात टाकायची. लवकर टाकली तर ती ठिसूळ राहते, उशिरा टाकली तर मऊ पडते. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा, आणि मोजायचं साधन एकच, माणसाचा डोळा.

मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात शिकवलेलं घरी येऊन पुन्हा शिकवायची मला खोड आहे, आई त्याला दुसरी पाळी म्हणते. एका रविवारी मी बाबांना सांगत होते, की उष्णता म्हणून काही वेगळी वस्तू नसते. पोलादात कोंबलेले अणू जागच्या जागी थरथरत असतात, आणि ती थरथर वाढली की आपण म्हणतो वस्तू तापली.

"मग दांड्याची ऊब टोकाकडे येते ती कशी?" बाबांनी विचारलं.

"मागचे जोरात हलतात, ते शेजारच्यांना धक्के देतात. ते पुढच्यांना."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे लाल झाल्यावर ते इतके हलत असणार, की जागा सोडून फिरायला लागत असतील."

"हो. पोलादात लोखंडाबरोबर थोडा कार्बन असतो ना, त्याचे अणू फिरतात."

"आणि मी त्यांना एकदम पाण्यात बुडवतो. घरी परतायला वेळच देत नाही."

"नाही देत. जो जिथे असेल तिथे अडकतो. नको त्या जागी, अंग चोरून. त्या ताणामुळेच पोलाद कडक होतं."

"आणि ठिसूळही."

"ठिसूळही. मग मागची ऊब पोचते, तेव्हा ते जरासे हलतात, थोडी जागा करून घेतात. ताण कमी होतो."

"बघ," ते आईकडे वळून म्हणाले, "तीस वर्षं मी अडकलेल्यांना जरा सैल करतोय, आणि तू म्हणतेस मला कुणाची कदर नाही."

माझ्या वर्गाला जे अख्ख्या सत्रात उमगत नाही ते या माणसाला चहा संपायच्या आत कळलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर थोडा रागच आला. मग त्यांनी विचारलं, की गार झाल्यावर हे अणू थांबतात का. मी म्हटलं, पूर्ण कधीच थांबत नाहीत, या टेबलातलेही आत्ता हलताहेत. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला आणि कपातला चहा निवेपर्यंत तो काढला नाही. ती गोष्ट त्यांना फार आवडली होती. पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की काहीच स्वस्थ बसलेलं नाही, दगडसुद्धा.

त्याच सुमाराला घरात चादरींवरून भांडणं सुरू झाली. बाबांना चादरी पिवळट दिसायला लागल्या. शर्ट मळका वाटायला लागला. भिंतींना नवा रंग दिला, तर म्हणाले, रंगाऱ्यानं फसवलं, पांढरा सांगून पिवळसर फासला. आई चिडून चादरी दोन-दोनदा धुवायची. तीन वर्षं हे चाललं. मी विज्ञानाची शिक्षिका, प्रकाशाचा धडा दरवर्षी शिकवते, भिंगं हातात घेऊन शिकवते, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की चादर नव्हे, डोळा पिवळा झालाय. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

शेवटी ते रस्त्यातला खड्डा न दिसल्यानं पाय मुरगळून घरी आले, तेव्हा मी हट्टानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, हे इतके दिवस पिवळ्या काचेतून बघत होते. आधी उजवा करू, चार महिन्यांनी डावा.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी आई चादर घेऊनच समोर उभी राहिली. "आता सांगा, कशी आहे?"

बाबांनी बघितलं. "पांढरी आहे."

"मोठ्यानं सांगा."

"पांढरीशुभ्र आहे बाई, चुकलो," ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. मग त्यांनी गंमत म्हणून उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं. मग डावा झाकून उजव्यानं. पुन्हा उजवा झाकला. त्यांचं हसणं मधेच थांबलं. आईला वाटलं डोळा दुखतोय.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी धुरात आणि धुळीत जायचं नाही असं बजावलेलं असताना, ते कारखान्यात गेले. मी शाळा सुटल्यावर शोधत तिथे पोचले, तर ते तयार मालाच्या खोलीत जमिनीवर बसले होते. भोवती खोकी उघडलेली. पाणी देताना आलेला रंग छिन्नीवर तसाच राहतो, वापरून घासला जाईपर्यंत. ते एकेक छिन्नी उचलायचे, एक डोळा झाकायचे, मग दुसरा.

"ये, बघ," ते म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत. हा कुठला रंग?"

"फिकट पिवळा. अगदी फिकट."

"आणि हा?"

"तसाच."

"डाव्यानं बघितलं तर गडद दिसतो. अगदी हवा तसा." त्यांनी ती छिन्नी व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि बाहेर राहिलेल्या टोकावर आडवी हातोडी मारली. टोक मोडून पार भिंतीशी जाऊन पडलं. "चांगली छिन्नी वाकते आधी," ते म्हणाले. मग दुसरी आवळली. पाच मोडल्यावर मी त्यांचा हात धरला.

पोलाद घासून नुसतं लख्ख केलं की डाव्या डोळ्याला ते आधीच थोडं पिवळं दिसायचं. त्यामुळे रंग धारेशी पोचायच्या आधीच त्यांना पोचल्यासारखा वाटायचा, आणि ते छिन्नी पाण्यात टाकायचे. तीन वर्षं, दिवसाला चाळीस. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि तो त्यांना सांगितला नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट मला त्यांनीच सांगितली. या तीन वर्षांत त्यांचं जितकं कौतुक झालं तितकं आधी कधीच झालं नव्हतं. ठिसूळ छिन्नी फार कडक असते, तिची धार लवकर बोथट होत नाही. दगडफोडे कारखान्यात निरोप धाडायचे की पाणीवाल्यांच्या हाताला आता खरा गुण आलाय. कानस फिरवून बघितली तर नुसती घसरते, म्हणून बाबाही खूश असायचे. ज्यावरून दोष कळायला हवा होता, त्यावरूनच त्यांना शाबासकी मिळत होती.

मालकांकडे आम्ही दोघं गेलो. मालक माणूस वाईट नाही, फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीवर 'बघू' म्हणायची सवय आहे.

"सगळ्यांना कळवा," बाबा म्हणाले. "छिन्न्या परत मागवा. फेकायच्या नाहीत, नुसत्या पुन्हा ऊब द्यायच्यात. एकेकीला पाच मिनिटं. मी रविवारीही येऊन करतो."

"कुणाची तक्रार आली आहे का?"

"नाही."

"उलट लोक नावाजताहेत. मग मी काय कळवू? तुमच्या आवडत्या छिन्न्या वाईट आहेत, असं?" मालक हसले. मग बाबांचा चेहरा बघून म्हणाले, "बरं, बघू."

ते बघणं आजतागायत चालू आहे.

मग बाबांनी स्वतःच सुरुवात केली. सुटीच्या दिवशी ते हत्यारांच्या दुकानाबाहेर उभे राहायचे आणि येणाऱ्या दगडफोड्याला थांबवून सांगायचे, तुमच्याकडच्या छिन्न्या आणून द्या, मी नीट करून देतो. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी. लोकांना वाटायचं म्हातारा काहीतरी विकतोय. बहुतेक जण ऐकून घ्यायचे, हो म्हणायचे आणि निघून जायचे. एकानं तर सरळ विचारलं, "काका, इतकी चांगली धार आहे, तुम्हाला ती घालवायची का?" सहा आठवड्यांत एकोणीस छिन्न्या परत आल्या. बाबांनी त्या एकोणीस नव्या डोळ्यानं बघत पुन्हा तापवल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या.

एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, "तू म्हणाली होतीस ना, गार झाल्यावरही ते अणू हलत असतात?"

"हो."

"मग थोडे थोडे करून आपोआप नाही का सुटणार? लोकांच्या पिशवीत पडल्या पडल्या? वेळ तर भरपूर आहे."

मला प्रश्न कुठे चाललाय ते कळलं. "नाही बाबा. हलतात, पण सुटण्याइतके नाही. ज्या फटीतून निघायचं ती पार करायला मोठा धक्का लागतो, आणि खोलीच्या उबेत तेवढा मोठा धक्का क्वचितच बसतो."

"आणि उन्हात ठेवल्या तर?"

"पाणी उकळतं त्याच्या दुपटीहून जास्त तापाव्या लागतात. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "विचारून बघितलं."

त्या दिवशी मला माझ्या खरं बोलण्याची चीड आली. वर्गात मुलं एखादं उत्तर असंच ठोकून देतात, तसं मलाही काहीतरी सांगता आलं असतं.

आता मामाबद्दल. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो दगडावर नावं कोरायचा. दारावरच्या पाट्या, पायाभरणीचे दगड, गेलेल्या माणसांची नावं. अक्षर असं काढायचा की शाईनं लिहिल्यासारखं वाटे, आणि गर्व इतका की स्वतः कोरलेल्या पाट्या बघायला आडवाट करून जायचा. बाबांनी त्याला दोन वर्षांपूर्वी बारा छिन्न्यांचा संच करून दिला होता, चामड्याच्या गुंडाळीत, रुंद टोकापासून पार बारीक टोकापर्यंत. अर्थातच बाबा सगळ्यांत आधी त्याच्याकडे गेले.

"मेहुण्या, गुंडाळी काढ."

"का? दिलेलं परत घेताय? ताईशी भांडलात वाटतं."

बाबांनी त्याला सगळं नीट सांगितलं. मामानं कुरकुर केली, धार किती छान टिकते त्याचं गुणगान केलं, आणि शेवटी गुंडाळी दिली. बाबांनी तिथेच मोजल्या. अकरा होत्या.

"बारीक टोकाची कुठेय?"

"ती हरवली की दाजी. कधीच हरवली. कामाच्या जागी पडली कुठेतरी."

"खरं?"

"तुमच्याशी खोटं बोलेन का मी?"

बाबा घरी आले आणि म्हणाले, "खोटं बोलतोय." अक्षराची शेपटी जिथे निमुळती होते तिथे मामा तीच छिन्नी वापरायचा. ती हरवली असती तर त्यानं दुसऱ्या दिवशी नवी मागितली असती. आई भावाकडे जाऊन रागावून आली. मी जाऊन आले. मी त्याला फळ्यावर काढतात तशी आकृती काढून अणू दाखवले, तो अगदी मन लावून ऐकत होता. म्हणाला, "तू शिकवतेस छान." बाबा दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून त्याच्याकडे जायचे, त्याच्या कामाच्या फळीवर नजर फिरवायचे आणि निघताना म्हणायचे, "निदान डोळ्यावर चष्मा लाव." मामा म्हणायचा, "लावतो, लावतो." चष्म्यावर धूळ बसली की अक्षर दिसत नाही, म्हणून तो चष्मा कधीच लावायचा नाही. आम्ही तिघांनी हात टेकले. धडधाकट, हसऱ्या, आपल्यावर जीव असलेल्या माणसाकडून एक वीतभर पोलाद काढून घेणं आम्हाला जमलं नाही.

शाळेत मला आईचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. कुणा गेलेल्या बाईचं नाव कोरताना छिन्नीचं टोक उडालं होतं. खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा मामाच्या उजव्या डोळ्यात आत गेला होता. ज्या डॉक्टरांनी बाबांचा डोळा केला, त्यांनीच मामाच्या डोळ्यातून तो तुकडा काढला. तुकडा निघाला. नजर परत आली नाही.

मामा पट्टी बांधून खाटेवर बसला होता. बाबा आत आले तसं त्यानं उशीखालून छिन्नी काढली. "घ्या दाजी. हरवलेली सापडली." त्याला हसवायचं होतं आम्हाला. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतंत. तुमचा काही दोष नाही." बाबा छिन्नी घेऊन बाहेर पडले. जिन्यात आल्यावर ते एका पायरीवर बसले आणि रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, कुठे हात ठेवायचा तेही मला सुचेना.

त्यानंतर ते भट्टीकडे गेले एकदाच, मामासाठी नवी बारीक छिन्नी करायला. ती उत्तम झाली, वाकते आणि मोडत नाही. मग त्यांनी काम सोडलं. मालकांनी म्हणे आता विजेची भट्टी घेतली आहे, तापमानाचा आकडा लावायचा आणि बाजूला बसायचं.

डाव्या डोळ्याची तारीख आली आणि गेली. बाबांनी डॉक्टरांकडे यायला नकार दिला. मी आधी गोड बोलले, मग भांडले, मग डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून म्हणाले, "नको." मामा स्वतः येऊन सांगून गेला, "करून घ्या दाजी, घरात एकानं तरी दोन्ही डोळे चालू ठेवावेत." तेव्हाही नको.

काल मी शेवटचं म्हणून विचारायला गेले. ते टेबलाशी बसले होते. समोर मामाची ती टोक मोडलेली छिन्नी. मोडक्या जागेच्या मागे बोटभर रंग अजून शिल्लक आहे.

"बाबा, तो डोळा पुढे पूर्णच जाईल."

"जाऊ दे."

"पण का?"

त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि छिन्नी उजेडात धरली. "या डोळ्याला हा रंग अजून बरोबर दिसतो. मी हयगय केली नव्हती गं. रंग पोचला, तेव्हाच मी ती पाण्यात टाकली होती. हे बघितलेलं दुसरं कुणी नाही, हाच एक आहे. तोही काढून टाकायचा?"

  मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी डोळ्यावरचा हात काढून टेबलावर सपाट ठेवला.

"बाहेर अजून इतक्या छिन्न्या आहेत," ते म्हणाले. "इतक्या दिवसांत त्यांच्यातला एखादा अणू तरी सुटला असेल का?"

या वेळी मी म्हटलं, "असेल बाबा. एखादा असेल."

"एखाद्यानं काय होतंय," ते म्हणाले, आणि आईनं आतून हाक मारली म्हणून उठून गेले.